‘उंटाची गरज संपली’ म्हणणाऱ्यांना उत्तर

चराईवाट

हिशेबनीस यांचं परवाचं लिखाण वाचलं आणि उत्तर दिल्याशिवाय राहवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: उंटाचं काम ट्रॅक्टर आणि पिकअपनं घेतलं, म्हणून उंट घटले. बाजाराला जे नको ते सरकारनं पैसे ओतून जगवू नये. पर्यटकांसाठी चार कळप ठेवावेत, बाकीच्यांचं जे व्हायचं ते होऊ द्यावं.

घट झाली, त्यात वाद नाही. १९८२च्या पशुगणनेत देशात दहा लाखांवर उंट होते. २०१२ला चार लाख उरले, २०१९ला अडीच लाख. त्या सात वर्षांतच ३७ टक्के गेले. पण जगाचा आकडा बघा. १९६०च्या दशकापासून जगातले उंट दुपटीहून जास्त झालेत. ट्रॅक्टर काय फक्त राजस्थानातच पोचले? चाड, सोमालिया, इथिओपिया, केनिया सगळीकडे उंट वाढतोय. केनियातले संबुरू आणि बोराना हे पिढ्यान्‌पिढ्या गाई राखणारे लोक. लागोपाठच्या दुष्काळांत गाई मेल्या, सांडणी (उंटाची मादी) मात्र दूध देत राहिली, आणि ते लोक उंटांकडे वळले.

ती देत राहते याला कारणं आहेत. वजनाच्या पाव हिस्सा इतकं पाणी गमावलं तरी उंटाचं रक्त फारसं घट्ट होत नाही, पाणी जातं ते शरीरात इतरत्र साठलेलं. दिवसा अंगाचं तापमान ४१ अंशांपर्यंत चढू देतो आणि रात्री ३४पर्यंत उतरवतो, त्यामुळे घाम गाळून पाणी घालवायची वेळ उशिरा येते. पाण्यावर आला की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पितो. त्याच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात, दुपटीहून जास्त फुगल्या तरी फुटत नाहीत. (मदारीत पाणी साठवलेलं असतं असं लिहायला कुणी येणार असेल तर आधीच सांगतो, तिथे चरबी असते.) खेजडी, केर, बाभूळ, जाळ अशी वाळवंटातली झाडं-झुडपं, गाय सहसा तोंड लावत नाही तीसुद्धा, तो खातो, आणि तेही चालता चालता, एका झुडपाचे दोन-चार घास घेऊन पुढे. पायाला खूर नाही, गादी आहे, म्हणून वाळूवरची पापडी मोडत नाही.

मग आपल्याकडे का घटले? चराई गेली हे पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण. इंदिरा गांधी कालव्याखाली आणि नंतर बोअरवेलखाली पडीक जमीन शेतीत गेली. ओरण-गोचरांना (देवराया आणि गावकुरणांना) कुंपणं पडली. कुंभलगडसारख्या अभयारण्यांत राईकांची (राजस्थानातल्या उंटपाळ समाजाची) पावसाळी चराई बंद झाली. दुसरं कारण, नराला गिऱ्हाईक उरलं नाही, आणि उंटाच्या कत्तलीवर बंदी आणि राज्याबाहेर नेण्यावर निर्बंध घालणाऱ्या २०१५च्या राजस्थानच्या कायद्यानं उरलंसुरलं दार लावून घेतलं. तिसरं कारण रोगराई. यातलं एकही कारण ‘गरज संपली’ या सदरात बसत नाही.


हिशेबनीस

जगात वाढले, ठीक आहे, घेतलं ऐकून. पण जिथे वाढले तिथे लोक उंट खातात आणि जिवंत उंट जहाजात घालून सौदीला विकतात. हे वाक्य तुम्ही लिहिलं नाहीत. केनियाचं उदाहरण द्यायचं आणि खाटीकखाना झाकून ठेवायचा, ही लबाडी आहे.

आता आपल्याकडचा हिशेब. जुनी विमानाची टायरं लावलेला उंटगाडा १०-१५ क्विंटल नेतो. पिकअप तेवढंच ओझं डांबरी रस्त्यावर पाच-सहापट वेगानं नेतो आणि उभा असताना चारा मागत नाही. ओझ्याचा विषय इथे मिटला. उरलं दूध. ‘अमूल’नं जानेवारी २०१९मध्ये अर्ध्या लिटरची बाटली ५० रुपयांना आणली, टिकाऊपणा तीन दिवस, तोही फ्रिजमध्ये. या दुधाचं दही लागत नाही, पनीर होत नाही, यूएचटी करून (म्हणजे काही क्षण अतिशय तापवून, फ्रिजविना टिकेल असं) खोक्यात सहज भरता येत नाही. जे दूध उरलं की फेकावं लागतं त्यावर कसला धंदा उभा राहणार? वर पिल्लू जन्मलं की राजस्थान सरकारनं हप्त्यांत रोख रक्कम द्यायची. ही मदत पशुपालकाला नाही, आकडेवारीला आहे.


निरसं

हिशेबनीस, ‘दही लागत नाही’ हे वाक्य सगळे फेकतात आणि कारण कुणी बघत नाही. म्हणून नीट लिहितो.

दुधाला घट्टपणा येतो तो केसीन या प्रथिनाच्या कणांमुळे. या कणांच्या बाहेरच्या अंगाला कप्पा-केसीन हा त्याचाच एक प्रकार असतो. गाईच्या केसीनमध्ये ते साधारण १३ टक्के, सांडणीच्या केसीनमध्ये ३ ते ५. शिवाय कण मोठे, त्यामुळे जाळं विरळ विणलं जातं. दुसरी गोष्ट, गाईचं दूध विरजण लावण्याआधी चांगलं तापवतात, कारण उष्णतेनं बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन हे निवळीतलं प्रथिन उलगडून कणांना चिकटतं आणि दही सुरी लावावी इतकं घट्ट होतं. सांडणीच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन मुळात नाहीच. म्हणून दूध कितीही उकळा, घट्टपणा वाढत नाही. आंबट होतं, पण चमच्यानं उचलायला गेलं की निवळी सुटते. हा दोष विरजणाचा नाही, घरोघरचं विरजण बदलून बघणारे वेळ वाया घालवतात.

ज्यांनी हे दूध शतकानुशतकं वापरलं ते दही लावण्याच्या मागे लागलेच नाहीत. कझाकांचं शुबात, तुर्कमेनांचं चाल, सुदानचं गारिस, सोमाली आणि केनियातलं सूसाक, हे सगळे आंबवून प्यायचे प्रकार आहेत. धंदा करायचा तर पातळ आंबट पेय करा.

चीज हवंच असेल तर तेही होतं. वासराचं रेनेट (त्याच्या पोटातलं, दूध गोठवणारं द्रव्य) इथे नीट चालत नाही. उंटाचंच कायमोसिन (रेनेटमधलं मुख्य एन्झाइम) लागतं, ते आता बुरशीकडून तयार करून घेतात आणि विकत मिळतं. (हेच एन्झाइम गाईच्या दुधावर वासराच्या रेनेटपेक्षा सरस चालतं, ते वेगळं.) पद्धत अशी: दूध ६५ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, त्याहून वर नेऊ नका. ३५-३६वर उतरवून १०० लिटरला १५ ते २० ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड. विरजण घालून थोडी आंबटाई चढू द्यायची, मग कायमोसिन. साधारण तासाभरात थर धरतो. कापताना मोठे चौकोन ठेवा आणि ढवळू नका, कारण हा थर इतका नाजूक असतो की गाईच्या दुधासारखं कापून ढवळलं तर सगळा चुरा निवळीबरोबर वाहून जातो. फडक्यात स्वतःच्या वजनानं निथळू द्या. मॉरिटानियात नुआकशोतची ‘तिविस्की’ डेअरी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून भटक्या पशुपालकांचं दूध घेते, आणि त्यांनी चीज केलंय.

यूएचटीबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे. १३० अंशांच्या पुढे हे दूध फाटतं. त्यामुळे ताजं, गोठवलेलं किंवा पावडर, हेच सोपे मार्ग.


जीवदया

दह्यावर इतकं लांब चाललंय आणि कायद्यावरचा आरोप तसाच राहिला. चराईवाट, तुम्हीच दिलेले आकडे वाचा. दहा लाखांवरून चार लाखांवर उंट आले ते २०१२पर्यंत. कायदा आला २०१५ला. आधीच्या सहा लाखांना कुठल्या कायद्यानं मारलं? कायदा आला कारण नर उंट ट्रकमध्ये पाय दुमडून बांधून, दाटीवाटीनं, शेकडो किलोमीटर नेऊन कापले जात होते. बसलेल्या उंटाचा पुढचा पाय गुडघ्यात बांधला की तो उठू शकत नाही. तासन्‌तास तसा ठेवला की छातीची गादी आणि सांधे सोलून निघतात. २०१४ला राजस्थाननं ज्याला राज्यपशू म्हटलं त्याला हे भोगू द्यायचं का? कायद्यात दोष असतील, पण तो काढा म्हणणाऱ्यांनी हे ट्रक डोळ्यांसमोर आणावेत.


चराईवाट

जीवदया, २०१२च्या आधीची घट कायद्यानं झाली असं मी कुठेही लिहिलं नाही. चराई हे पहिलं कारण म्हणून लिहिलंय, परत वाचा. ट्रकांबद्दल तुमचं म्हणणं रास्त आहे, वाहतुकीचे नियम कडक करा आणि पाळायला लावा, त्याला माझा विरोध नाही.

पण नराचं गणित टाळू नका. सांडणी पहिल्यांदा विते चार-पाच वर्षांची झाल्यावर. गाभ तेरा महिने. पिल्लू अंगावर पितं तोवर ती सहसा पुन्हा फळत नाही, म्हणून दोन वर्षांत एक पिल्लू. तीस माद्यांच्या कळपात वर्षाला पंधरा पिल्लं धरा, त्यात सात नर. प्रजननाला पन्नास माद्यांमागे एक चांगला नर भागतो. मग या सात नरांचं काय करायचं? पूर्वी पुष्करच्या मेळ्यात ते विकले जायचे, गाड्याला, शेतीला, लष्कराला, आणि हो, काही कापायलाही. त्या पैशात वर्ष निघायचं. आता राज्याबाहेर न्यायला परवाना लागतो, म्हणून बाहेरचा व्यापारी येत नाही, भाव कोसळला, आणि राईका नर मोकळा सोडून देतो. हायवेवर गाडीखाली येणाऱ्या उंटाला तुमचा कायदा वाचवत नाही.

आणि संशयाचं काय? जानेवारी २०२२मध्ये आपल्याच अमरावती जिल्ह्यात कच्छी रबाऱ्यांचे ५८ उंट अडवले. कत्तलीसाठी हैदराबादला चालवलेत अशी तक्रार होती. रबारी हे राईकांसारखेच पशुपालक, विदर्भात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या आणि उंट घेऊन फिरतात. उंटावर त्यांचा संसार लादलेला असतो. उंट गोशाळेत ठेवले, माणसं अटकेत. उंट हे फिरून झाडपाला खाणारं जनावर, त्याला एका जागी ठेवून गुरांचा चारा टाकला. काही उंट तिथेच मेले. कोर्टाच्या आदेशानं बाकीचे परत मिळाले. त्या मेलेल्या उंटांवर दया कुणी दाखवली?


जीवदया

एका प्रकरणावरून सगळ्या प्राणीमित्रांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका. उंट गोशाळेत ठेवणं चूकच होतं, मी त्याचं समर्थन करत नाही. पण तक्रार आली तर पोलिसांनी थांबवायचंच नाही का? कागद बघितल्याशिवाय भटका कोण आणि दलाल कोण हे कसं कळणार?


चराईवाट

साठ उंटांबरोबर बायका-मुलं, खाटा, भांडी आणि शेकडो मेंढ्या घेऊन कुणी कत्तलखान्यात जात नाही. नुसती माणसं आणि उंट दिसले तरी पुढचा डेरा कुठे आहे ते जाऊन बघायला अर्धा दिवस लागतो. कागद मागण्याआधी तो अर्धा दिवस द्या, एवढंच मागणं आहे.


हिशेबनीस

निरसं यांचं चीज वाचलं. एन्झाइम विकत आणा, तापमान सांभाळा, ढवळू नका, फडक्यात निथळा, आणि हातात काय? मऊ गोळा. तुम्ही जे लिहिलंत त्यानं माझाच मुद्दा पक्का झाला. शिवाय सांडणी दोन मिनिटं पान्हा सोडते, तेही पिल्लू तोंडाशी असेल तरच. कळप गावापासून पंधरा किलोमीटरवर. दूध दोन तासांत थंड झालं पाहिजे. या साखळीला लागणारा पैसा सात नर विकून येणार आहे का?


निरसं

हिशेबनीस, पान्ह्याबद्दल लिहिलंत ते खरं आहे, पण तेच कारण आहे काम समजून घेण्याचं. सांडणीच्या कासेत दूध साठायला पोकळी जवळजवळ नसते. गाईच्या कासेत आधीच उतरलेलं दूध थोडं तरी मिळतं, इथे पान्हा आल्याशिवाय सडातून धार निघत नाही. म्हणून आधी पिल्लू लावायचं. सड टणक आणि फुगीर दिसले की पिल्लू बाजूला करायचं किंवा एका अंगाच्या दोन सडांवर ठेवायचं आणि दुसऱ्या अंगाचे दोन सड दोन्ही हातांनी पिळायचे. राईका एका पायावर उभे राहतात, दुसरा पाय गुडघ्यावर टेकवून त्या मांडीवर भांडं ठेवतात, कारण कास इतकी उंचावर असते की खाली बसून धार काढता येत नाही. दोघं जण दोन बाजूंनी उभे केले तर वेळ साधते. दीड-दोन मिनिटांत पान्हा उतरला की संपलं, मग ओढत बसलात तर सड दुखावतात आणि दुसऱ्या दिवशी सांडणी पाय उचलते.

पिल्लू मेलं तर बहुतेक सांडण्या आटतात. जुने लोक मेलेल्या पिल्लाचं कातडं भुसा भरून तिच्या नाकाशी धरतात, तिला वास मिळतो आणि ती पान्हवते. नव्या डेअरीवाल्यांनी पिल्लाला दूध कमी सोडून विक्री वाढवली की सहा महिन्यांत कळप कोलमडतो, कारण पिल्लू अशक्त होतं, मरतं आणि आईही आटते. दिवसाला पाच-सहा लिटर देणाऱ्या सांडणीचं अर्ध्याहून जास्त दूध पिल्लाचं, हे आधी लिहून ठेवायचं आणि मग हिशेब मांडायचा.

साखळीचंही सांगतो. कच्छमध्ये ती उभी आहे. ‘सरहद डेअरी’ दूध घेते, संकलनाच्या ठिकाणी चिलर (दूध थंड करणारी यंत्रं) आहेत, पशुपालक मोटारसायकलवर कॅन बांधून आणतात. आधी अन्नसुरक्षेच्या नियमात उंटाच्या दुधाचं मानकच नव्हतं. २०१६मध्ये आलं तेव्हा किमान स्निग्धांश ३ टक्के ठेवला. वाळवंटी चाऱ्यावरच्या सांडणीचं दूध त्याखाली सहज उतरतं, म्हणून नंतर तो २वर आणावा लागला. एवढा एक आकडा बदलेपर्यंत चांगलं दूध नापास होत होतं. बाजाराला दूध नको होतं असं नाही, कागदाला नको होतं.


प्रयोगवही

ओझं आणि दूध एवढ्यातच उंट संपवू नका. उंट आणि त्याचा दक्षिण अमेरिकेतला भाऊबंद लामा यांच्या रक्तात काही प्रतिपिंडं (अँटिबॉडी) अशी असतात की त्यांत हलक्या साखळ्या, म्हणजे नेहमीच्या प्रतिपिंडातले लहान जोडभाग, नसतातच. ब्रसेल्सच्या विद्यापीठात रेमंड हॅमर्स यांच्या गटानं हे १९९३मध्ये प्रसिद्ध केलं. त्या प्रतिपिंडाचं फक्त टोक वेगळं काढलं की ते नेहमीच्या प्रतिपिंडाच्या साधारण दहाव्या भागाएवढं, उष्णतेला टिकणारं, आणि मोठ्या प्रतिपिंडाला न पोचणाऱ्या खाचेत शिरणारं. त्यावरून तयार झालेलं कॅप्लासिझुमॅब रक्तात गुठळ्या होण्याच्या एका दुर्मिळ आजारावर युरोपात २०१८ला मंजूर झालं.


हिशेबनीस

उत्तम संशोधन आहे. त्यासाठी दोन-चार लामांचं थोडं रक्त पुरतं, पुढचं उत्पादन जिवाणू आणि यीस्ट करतात. त्यातून बाडमेरच्या राईकाला एक रुपया मिळत नाही. विषयाला धरून बोला.


गुरांचा डॉक्टर

चीज, कोर्ट, प्रतिपिंडं झाली असतील तर रोगाकडे या. चराईवाट यांनी ‘तिसरं कारण रोगराई’ एका ओळीत उरकलं. कळप जातात ते सर्रा या रोगानं. राजस्थानात त्याला तिबरसा म्हणतात. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हा परजीवी, पसरवणाऱ्या टॅबॅनस जातीच्या मोठ्या चावऱ्या माश्या, आणि जोर पावसाळ्यात आणि त्यानंतर. कालव्यानं पाणी आणलं, पाण्यानं माश्या आणल्या, हा धागा इथे कुणी जोडला नाही.

लक्षणं: चढउतार करणारा ताप, खाऊनही वजन उतरणं, मदार एका बाजूला लवंडणं, पोटाखाली आणि पायांवर सूज, गाभ टाकणं. चूक होते ती तपासणीत. परजीवी रक्तात सतत दिसत नाही, लाटेनं येतो. ताप नसताना घेतलेली रक्ताची काचपट्टी निगेटिव्ह आली म्हणून उंट निरोगी ठरत नाही. ताप चढलेला असताना कानाच्या शिरेतून रक्त घ्या, ओलं असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली बघा, आणि शंका असेल तर पुन्हा घ्या. दुसरी चूक औषधात. गाईला देतात म्हणून डायमिनाझीन उंटाला टोचतात. उंटाला त्याची विषबाधा होते. त्याच्यासाठी क्विनापायरामीन आहे, कातडीखाली, वजन नीट अंदाजून. कमी मात्रा दिली की परजीवी औषधाला सरावतो आणि पुढच्या वर्षी तेच औषध लागू पडत नाही.

दुसरा शत्रू खरूज, हिवाळ्यात जोरात. आयव्हरमेक्टिन किलोला ०.२ मिलिग्रॅम कातडीखाली, दोन आठवड्यांनी पुन्हा. एकाच उंटाला देऊन भागत नाही, सगळा कळप एकाच दिवशी घ्या आणि खोगिराखालची गोधडी उकळा, नाहीतर महिन्यात परत येते.

पिल्लामागच्या अनुदानापेक्षा पावसाळा सुरू होताना प्रत्येक कळपाला क्विनापायरामीन पोचलं तर जास्त पिल्लं वाचतील. यावर कुणी भांडत नाही याचंच वाईट वाटतं.


उंच पठार

इथे सगळे राजस्थानातच अडकलेत. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडे बघा, कारण नेमका हाच प्रश्न तिथे सुटलाय. विकुन्या हा याच कुळातला सगळ्यात लहान आणि रानटी प्राणी. शिकारीनं १९६०च्या दशकात काही हजारांवर आला होता. १९६७मध्ये पेरूत पाम्पा गालेरासचं राखीव क्षेत्र झालं, १९६९ला आणि १९७९ला अँडीजमधल्या देशांचे करार झाले. पण नुसती बंदी ठेवली नाही. पुढे जिवंत प्राण्याची लोकर कातरून विकायची परवानगी गावसमाजांना दिली. चाक्कू म्हणतात त्याला: शेकडो माणसं हातात दोर धरून, त्याला रंगीत चिंध्या बांधून, डोंगरउतारावरून कळप हळूहळू फनेलसारख्या कुंपणात आणतात. कातरतात, औषध देतात, सोडून देतात. एका प्राण्याची दोन वर्षांतून एकदा साधारण २०० ग्रॅम लोकर निघते, जाडी १२-१३ मायक्रॉन. आज संख्या लाखांच्या घरात आहे. गावाला पैसा मिळतो म्हणून गाव शिकाऱ्याला हुसकावतं.


जीवदया

हेच मी म्हणतेय. मारलं नाही, कापलं नाही, तरी लोकांना उत्पन्न मिळालं. उंटाचं असंच करा.


चराईवाट

ताई, विकुन्याची तुलना इथे चालत नाही. विकुन्याच्या नराची आणि मादीची लोकर सारखीच विकते, म्हणून नर ओझं होत नाही. आपल्या एकमदारी उंटाची लोकर वर्षाला जेमतेम किलोभर, तीही भरड. तिच्या गोणपाट, दोऱ्या, सतरंज्या होतात. मंगोलियाकडच्या गोबी वाळवंटातल्या दुमदारी उंटाची लोकर मऊ आणि पाच किलोच्या आसपास निघते, ते जनावर वेगळं, थंडी वेगळी. आणि अँडीजमध्ये माणसाळलेल्या लामाचं काय होतं तेही उंच पठार यांनी सांगावं. ओझ्याचे काफिले नरांचे असतात, एकेकावर २५-३० किलो, त्याहून जास्त टाकलं की लामा बसतो आणि उठत नाही. म्हातारा झाला की त्याचं मांस खारवून वाळवतात, चार्की करतात. शेण जाळतात, बटाट्याच्या वाफ्याला घालतात. तिथे कुणी लामाला राज्यपशू करून त्याचा बाजार बंद केला नाही.


उंच पठार

लामाबद्दल बरोबर आहे. विकुन्याबद्दलही एक गोष्ट जोडतो, कारण मीच अर्धवट सांगितल्यासारखं होईल. कच्ची लोकर विकणाऱ्या गावाला मिळतो तो वाटा आणि युरोपात त्याच लोकरीचा कोट विकला जातो तो भाव, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कातणं आणि विणणं गावात आलं नाही तोवर हे असंच राहणार. शिकारही पूर्ण थांबलेली नाही. तरी जनावर वाचलं, आणि ते वापरात आणल्यामुळे वाचलं.


कुतूहल

मधुमेहावर उंटाचं दूध चालतं म्हणतात, इन्सुलिन असतं त्यात. त्यावर बोला ना कुणी. भाव त्यामुळेच मिळतो.


गुरांचा डॉक्टर

बिकानेरला छोटे अभ्यास झालेत, रोज अर्धा लिटर दुधानं टाइप-१च्या रुग्णांची इन्सुलिनची गरज काही प्रमाणात घटल्याचं त्यांत नोंदलंय. तेवढ्यावर कुणी इन्सुलिन सोडलं तर जिवावर बेतेल. आणि ‘कच्चंच प्यायचं, गुण राहतात’ हे ऐकू नका. ब्रुसेलोसिस कच्च्या दुधातून येतो. उकळल्यानं क जीवनसत्त्व थोडं कमी होतं, तरी गाईच्या दुधाच्या तीन-पाचपट असल्यामुळे पुरेसं उरतं.


निरसं

डॉक्टरांशी सहमत. औषध म्हणून विकलेल्या दुधाची मागणी बातमीगणिक चढते आणि पडते, पशुपालक मात्र सांडणी पाच वर्षं आधीपासून वाढवत असतो. अन्न म्हणून विका.


हिशेबनीस

‘गरज संपली’ हे शब्द मी मागे घेतो. जगातली वाढ, कच्छची साखळी आणि सर्रा हे तीन मुद्दे माझ्या लिखाणात यायला हवे होते असं तुम्ही म्हणाल, तर म्हणा. पैशाबद्दलचं माझं मत मात्र तिथेच आहे. पिल्लामागे रोख रक्कम देऊ नका. तेच पैसे चिलरला, क्विनापायरामीनला आणि फिरत्या पशुवैद्यकाला द्या. आणि जीवदया यांना पटो न पटो, नर राज्याबाहेर विकायचा परवाना पशुपालकाला तहसीलातच, त्याच दिवशी मिळाला पाहिजे.


जीवदया

कामासाठी आणि प्रजननासाठी विकायला परवाना सोपा करा, चालेल. कत्तलीला नाही. यावर माझं मत बदलणार नाही.


चराईवाट

मग विकत घेणाऱ्यानं पुढे काय केलं ते कोण बघणार, हा प्रश्न तुमच्याकडेच राहतो. आणि हिशेबनीस, चिलरच्या आधी चराई. कच्छच्या खाराई उंटांचं बघा. ते खाडीतून पोहत बेटांवर जाऊन खारफुटीचा पाला खातात, २०१५ला स्वतंत्र जात म्हणून त्यांची नोंद झाली. मिठागरांसाठी बांध घालून भरतीचं पाणी अडवलं की खारफुटी वाळते. ती वाळली की तुमचा चिलर रिकामा राहील. ओरण, गोचर, अभयारण्यातली पावसाळी चराई आणि खारफुटी यांवर पशुपालकांचे हक्क वनहक्क कायद्याखाली नोंदवा, मग दुधाचं बोलू.


हिशेबनीस

दोन्ही एकदम करायला कुणी अडवलंय? निरसं, एक विचारतो. पातळ पेय विकायचं तर त्यातही बकरीचं दूध मिसळून घट्टपणा आणता येईल का?


निरसं

येतो. पाचवा हिस्सा बकरीचं दूध घातलं तरी फरक दिसतो, आणि राईकांच्या कळपात बकऱ्या असतातच. पण बाटलीवर तसं ठळक छापावं लागेल. ‘शुद्ध उंटाचं’ म्हणून भाव घ्यायचा आणि आत मिसळायचं, हे एकदा पकडलं गेलं की सगळ्या कळपांच्या दुधाचा भाव पडतो. मिसळायचं असेल तर पेय वेगळं, नाव वेगळं, आणि संकलनाच्या ठिकाणी कॅनसुद्धा वेगळे.